कुंपणापाशी

डॅरिल पोकॉकने सहा वर्षं सिगारेटला हात लावला नव्हता. मग तो कामाला होता त्या कोंबडीचं मांस पॅक करणाऱ्या कारखान्याने कायमची माणसं काढली आणि त्यांनाच रोजावर घेतलं. उद्या कामावर कोण, ते संध्याकाळी मोबाइलवर कळायचं. नावं गॅविन मुकादम ठरवायचा, आणि दुपारच्या सुट्टीत कुंपणापाशी त्याच्यासोबत धूर सोडणाऱ्यांची नावं कधी गळत नसत.

महिनाभर डॅरिल लांब बाकावर एकटाच सँडविच खात बसला. त्या महिन्यात त्याला नऊ दिवस काम मिळालं. मग तो निमूट कुंपणापाशी गेला.

"या, म्हातारबुवा!" गॅविनने पाकीट पुढे केलं. "आलात ना शेवटी लाइनीवर!"

बायकोला, नोलीनला, त्याच दिवशी वास आला. "तुझे वडील कसे खोकून खोकून गेले, विसरलास?"

"आणि घरी बसून कशी माणसं जातात, ते बघायचंय तुला?" तो खेकसला. ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

ऑगस्टमध्ये टॅम्सिन कुंपणापाशी आली. पॅकिंगमध्ये डॅरिलच्या शेजारी उभी राहणारी पोर, पाचवा महिना चालू. त्या आठवड्यात तिला तो एकच दिवस मिळाला होता.

"इथं फुकट उभं राहता येत नाही, बाई," गॅविन म्हणाला.

तिने सिगारेट घेतली आणि डॅरिलकडे बघितलं. "एकीनं काही होत नाही ना रे?"

काय सांगायला हवं ते डॅरिलला ठाऊक होतं. उद्या पॅकिंगला एकच माणूस लागणार, आणि गॅविनसमोर तिला अडवलं तर तो आपण नसणार, हेही ठाऊक होतं.

"काही होत नाही गं," म्हणत त्याने लायटर पेटवला.

पहिल्याच झुरक्याला ती पोट धरून वाकली. खोकून डोळ्यांतून पाणी आलं. गॅविन हसला, मग सगळेच हसले. डॅरिल सगळ्यांत मोठ्याने हसला.

संध्याकाळी त्याला मेसेज आला. थोड्या वेळाने टॅम्सिनचा फोन.

"डॅरिल, तुला आलं बोलावणं? मला काहीच आलं नाही."

"आलं."

"पण मी ओढली ना रे! सगळ्यांसमोर ओढली."

"खोकलीस फार," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" नोलीनने विचारलं.

"कामावरचं कुणीतरी."

वाईट वाटेल म्हणून तो जरा थांबला. वाटलं नाही. सपाटून भूक मात्र लागली होती. त्याने ताट पुढे ओढलं.