बारा पाट्या

पेंटरांनी सायकलवाल्याची पाटी खिळ्याला अडकवली, दोन पावलं मागे सरून पाहिली आणि पुढे येऊन डावा कोपरा बोटभर वर ढकलला. पाटी सरळ झाली. हात मात्र थरथरतच होता, म्हणून त्यांनी तो खिशात घातला.

पुरात ज्यांची दुकानं आणि कामं वाहून गेली, अशा गावातल्या कलाकारांसाठी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत प्रदर्शन भरलं होतं. एका बाजूला कुंभाराच्या सुरया, दुसऱ्या बाजूला विणकर बहिणींची कापडं, आणि समोरची आख्खी भिंत पेंटरांची. पाण्यानं बाजार नेला, पण पेंटरांच्या पत्र्याच्या पाट्या काही त्याला पचल्या नाहीत. कुणाची चिखलात सापडली, कुणाची झाडाच्या फांदीत. धुऊन काढल्यावर अक्षरं जशीच्या तशी. ज्याचं काम भिंतीवर, त्याला दुकान पुन्हा उभं राहीपर्यंत वरच्या मजल्यावर कामाला टेबल मिळणार होतं. टेबलं होती सहा, आणि खिडकीजवळचं ग्रंथपालबाईंनी पेंटरांसाठी राखून ठेवलं होतं.

सून फडक्यानं पाट्या पुसत होती. बारांपैकी सात तिच्या हातच्या होत्या, हे त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन वर्षांपूर्वी पेंटरांचा हात कापायला लागला, तेव्हापासून ती आतल्या खोलीत दार लावून रंगवायची आणि पेंटर बाहेर बसून गिऱ्हाइकाला गप्पांत गुंगवून ठेवायचे. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत सही मात्र नेहमीचीच, ‘पेंटर’.

“कुणी काही विचारलं तर नुसतं हसा, बाबा,” ती हळूच म्हणाली. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“झाकलेलीच आहे. खिशात आहे.”

नको नको म्हणता तिला हसू आलं.

दुपारपर्यंत खोली भरली. पाट्यांचे मालक आपापल्या पाटीपुढे अशा थाटात उभे होते, जसं काही घरचंच कुणी परीक्षेत पहिलं आलंय. ग्रंथपालबाई एका पाहुण्यांना घेऊन आल्या. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, उंच, थोडे वाकलेले. ते चष्मेवाल्याच्या पाटीपुढे थांबले आणि हलेचनात.

“ही सगळ्यांत सरस,” ते म्हणाले. “लोकांचा हात वयाबरोबर आखडतो. तुमचा उलट मोकळा झालाय, पेंटर.”

सुनेच्या हातातलं फडकं थांबलं. पेंटरांनी ठरल्याप्रमाणे हसायला हवं होतं. पण त्यांना इतका अभिमान वाटला की तो अंगात मावेना, आणि हा अभिमान आपल्या नावावर खपवायचा म्हणजे चोरी, हेही त्यांना तिथेच उमगलं.

“ही माझी नाही,” ते म्हणाले.

“अहो, खाली सही आहे की,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“सही कुणीही करील. रेघ बघा.” त्यांनी खिशातला हात काढला. बोट थरथरत पाटीवरून फिरलं. “मी आधी वरची रेघ ओढतो, मग तिला अक्षरं लटकवतो. इथं अक्षरं आधी आहेत. रेघ त्यांच्या डोक्यावरून शेवटी गेलीय, एका दमात. ही माझ्या सुनेची. तीन वर्षं घसा फोडतोय, आधी रेघ, आधी रेघ. ऐकेल तर शपथ. अशा सात आहेत.”

सगळ्यांच्या माना सुनेकडे वळल्या. तिनं खाली पाहिलं.

“बाबा,” ती एवढंच म्हणाली.

ग्रंथपालबाई पेचात पडल्या. “पण तुमच्यासाठी टेबल तर एकच आहे हो. एका घरात दोन कशी देऊ?”

“दोन मागितली कुणी? हिला द्या. मला शेजारी एक खुर्ची टाका. तिथं बसून ओरडेन.”

शिक्षक मात्र अजून पाटीतच अडकले होते. त्यांनी सुनेला विचारलं, “रेघ शेवटी का?”

ती जरा घुटमळली. “आधी ओढली की अक्षरं भितात, सर. मापात राहायला बघतात. आधी त्यांना हवं तसं उभं राहू द्यायचं.”

तीन वर्षांत पेंटरांनी हे तिला एकदाही विचारलं नव्हतं. ते वळून आपल्या पाच पाट्यांकडे पाहू लागले. चाळीस वर्षांची नावाजलेली अक्षरं. खरंच, जराशी अंग चोरून उभी होती.

“खरं बोलतेय कार्टी,” ते पुटपुटले, आणि डोळे पुसायला त्यांनी तिच्याच हातातलं फडकं ओढून घेतलं.

तेवढ्यात दारातल्या गर्दीतून सायकलवाल्याची हाक आली.

“ओ पेंटर! नवीन दुकानाची पाटी कधी देताय?”

सवयीनं पेंटरांचं तोंड उघडलं. मग ते मिटून त्यांनी सुनेला कोपरानं हलकेच ढोसलं.

“बोल की,” ते म्हणाले. “तुला हाक मारतायत.”