बेशुद्ध माणसाने बोलू नये

सलूनवाल्याचा हात हलका होता आणि जीभ त्याहूनही हलकी. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती एकदा कापड बांधलं की ते कुठं पळून जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग सासऱ्याच्या गुडघेदुखीपासून मंगळावरच्या पाण्यापर्यंत त्याची गाडी सुसाट सुटायची. बायको म्हणायची, हे झोपेतही बोलतात, फक्त झोपेत उत्तराची अपेक्षा ठेवत नाहीत. तिला त्यातल्या त्यात रात्र बरी वाटायची.

अशा माणसाला कुणी बेशुद्धाचं काम देईल का? पण ते एकदा दिलं गेलं होतं, आणि त्याचा व्हायचा तो परिणाम झाला होता. त्याची मुलगी स्काउटच्या तुकडीची नायक. प्रथमोपचाराचा बॅज हवा असेल तर चौघा स्काउटांनी मिळून एका मोठ्या माणसावर उपचार करायचे आणि स्ट्रेचर बनवून त्याला झेंड्यापर्यंत न्यायचं, अशी परीक्षा. माणूस धडधाकटच असतो, पण त्याच्या गळ्यात एक कार्ड अडकवतात, आणि कार्डावर लिहिलं असेल ते त्याला झालंय असं समजायचं. मागच्या खेपेला कार्डावर ‘बेशुद्ध’ असं लिहिलेलं होतं. सलूनवाला झकास पडून राहिला होता. एक पोरगा श्वास बघायला त्याच्यावर वाकला, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. एक डोळा उघडून तो म्हणाला, “कानामागं फार वाढलेत रे. उद्या ये दुकानात.”

बेशुद्ध माणूस बोलला की अख्खी तुकडी नापास, असा नियम. मुलगी पुढे आठवडाभर बापाशी बोलली नाही. घरात आपण एकटेच बोलतोय हे कळायलाही बापाला दोन दिवस लागले, पण कळल्यावर त्याला फार वाईट वाटलं.

आता ही वर्षातली शेवटची संधी होती. हा बॅज नसेल तर सुट्टीतल्या मोठ्या शिबिराला तुकडीतलं कुणीच जाणार नव्हतं. या वेळी जखमी म्हणून पोस्टमनकाका ठरले होते. पण ते आदल्या दिवशी न्हाणीघरात घसरले आणि त्यांची कंबर खरोखरच धरली. खऱ्या जखमीला परीक्षेत घेत नाहीत. बाकीच्या आईबापांना नेमकी त्याच दिवशी कामं निघाली. शेवटी अडला हरी म्हणतात तसं मुलीला बापाकडेच यावं लागलं.

“बाबा, एक शब्दही नाही,” ती दारातच म्हणाली.

“अगं, मी काय...”

“हा झाला एक.”

त्याने तोंड मिटलं. मनात मात्र त्याने शपथ घेतली की आज जीव गेला तरी बोलायचं नाही.

परीक्षक म्हणून आल्या होत्या एक निवृत्त मेट्रन. त्यांच्या नजरेनेच ताप उतरतो अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी सलूनवाल्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ओळखलं, आणि त्याच्या गळ्यात कार्ड अडकवलं: ‘बेशुद्ध. डाव्या पायाचं हाड मोडलं आहे.’ मग हातात पेन्सिल घेऊन त्या बाजूला उभ्या राहिल्या. रानातल्या पायवाटेवर सलूनवाला आडवा झाला.

पहिला हल्ला मुंग्यांनी केला. त्याने दात आवळले. मग गाठ्या आला. गाठ्या म्हणजे तोच तो कानामागं केस वाढलेला पोरगा. त्याने मारलेली गाठ त्याला स्वतःलाही सोडवता येत नसे, आणि याचा त्याला अभिमान होता. त्याने डाव्या पायाला दोन फळ्या लावून अशा काही आवळल्या की ज्या पायाला काही झालं नव्हतं, त्याला काहीतरी होईल अशी चिन्हं दिसू लागली. कानामागं अजून तस्संच जंगल होतं. सलूनवाल्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पण त्याच्या उजव्या पायाचा अंगठा कुठल्याशा तालावर हलत होता आणि ओठ आवाज न करता काहीतरी पुटपुटत होते. मुलीने ते पाहिलं. बाप गप्प राहतोय, पण आतून चालूच आहे, हे तिने ओळखलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

स्ट्रेचर म्हणजे दोन बांबू आणि तीन शर्ट. पुढे लंबू आणि मुलगी, मागे गाठ्या आणि चष्मेवाली. लंबू इतका उंच की स्ट्रेचरचा एक कोपरा सारखा आभाळाकडे जायचा. तरी ओढ्यापर्यंत सगळं ठीक चाललं. ओढ्यात लंबूचा पाय शेवाळावर सरकला, स्ट्रेचर कलंडलं आणि सलूनवाला दगडांत पडला. त्याचा उजवा पाय दोन दगडांच्या फटीत मुरगळला. आत काहीतरी कट्‌कन वाजलं.

त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंडात एक शिवी आली होती, चांगली जुनी, आजोबांकडून आलेली. त्याने ती गिळली. पलीकडच्या काठावर झेंडा दिसत होता. पोरांनी घाबरून त्याला पुन्हा स्ट्रेचरवर घातलं, मेट्रनबाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि वरात पुढे निघाली.

“काका आता काय मस्त बेशुद्ध झालेत,” गाठ्या कौतुकाने म्हणाला.

मुलीने वळून पाहिलं. अंगठा थांबला होता. ओठही थांबले होते. बापाचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि कपाळावर घाम होता. इतका गप्प बाप तिने जन्मात पाहिला नव्हता. ती जागीच थांबली आणि स्ट्रेचर खाली ठेवा म्हणाली. लंबू म्हणाला, अगं, झेंडा तर समोरच आहे. तिने ऐकलं नाही.

“बाबा, खरंच लागलंय का?”

बाप गप्प.

“बाबा, बोल. बॅज गेला खड्ड्यात.”

बापाने डोळे न उघडता मान जोरात नकारार्थी हलवली. बेशुद्ध माणूस मान हलवताना मेट्रनबाईंनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांची पेन्सिल थांबली.

“सगळं जग गप्प बस म्हणतं तेव्हा बसत नाहीस,” मुलीचा आवाज आता रडवेला झाला होता, “आणि आज मी बोल म्हणतेय तर बोलत नाहीस?”

“आधी झेंड्यापर्यंत ने,” बाप दातांतून म्हणाला. “मग बोलतो.”

“रुग्ण बोलला,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“हो, बोलला,” मुलगी म्हणाली. “आणि तो खराच रुग्ण आहे. तुमची गाडी लागेल.”

पुढची सगळी सूत्रं तिनेच हलवली. उजवा घोटा एव्हाना टम्म फुगला होता. फळ्या डाव्या पायावरून काढून उजव्याला लावायला हव्या होत्या, पण त्या गाठ्याच्या गाठी. शेवटी सलूनवाल्याने खिशातून आपली छोटी कात्री काढली आणि आडव्यानेच त्या कापायला घेतल्या. एकदा तोंड उघडल्यावर ते काही मिटेना. “हळू, बूट ओढू नकोस, नाडी काप आधी,” असं तो सांगत होता, आणि मुलगी त्याच्या सांगण्याच्या आधीच ते करून मोकळी होत होती. मेट्रनबाई जवळ येऊन नुसत्या पाहत राहिल्या.

इस्पितळात डॉक्टरांनी पाय पाहिला, बांधणी पाहिली, आणि फोटो निघेपर्यंत ही अशीच राहू द्या म्हणून सांगितलं. हाड मोडलं होतं. नियमाला अपवाद करण्यातल्या मेट्रनबाई नव्हेत. तुकडी नापास, शिबीर हुकलं, हे त्यांनी व्हरांड्यात उभं राहून स्पष्ट सांगितलं. मग पोरीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि त्या निघून गेल्या.

सलूनवाल्याचा पाय उशीवर होता आणि मान खाली. घरातून निघताना घेतलेली शपथही त्याच्याच्याने पाळवली नव्हती.

“पुन्हा माझ्यामुळेच,” तो म्हणाला. “आणखी थोडा वेळ तोंड मिटून राहता आलं असतं मला. पायाचं काय, तो तर मोडलाच होता.”

मुलगी खाटेच्या कडेवर बसली. तिचे डोळे अजून लाल होते.

“मागच्या वेळी तू बोललास म्हणून रडले होते मी,” ती म्हणाली. “आज बोलत नव्हतास म्हणून रडले. आजचं रडू जास्त वाईट होतं, बाबा.”

सलूनवाल्याने तोंड उघडलं. सासऱ्याच्या गुडघ्यापासून मंगळापर्यंत सगळीकडे शोधलं, पण यावर म्हणण्यासारखं त्याला काहीच सापडलं नाही. त्याने नुसता तिचा हात धरला. ती मात्र पुन्हा घाबरली आणि त्याला हलवून म्हणाली, “बाबा, बोल ना काहीतरी.”