मांजरपाटातला जावई

आश्विनात दिवस एक असतो आणि ऋतू तीन. पहाटे दवानं कान गोठतात, दुपारी उन्हात टोपीवर पापड भाजून निघावा, आणि दिवेलागणीला पुन्हा अंगावर काटा. अशा महिन्यात घरातून निघताना अंगात घालावं काय, हा प्रश्न भल्याभल्यांना पडतो. बन्सीधरसाठी मात्र अख्ख्या गावानं तो परस्पर सोडवून टाकला होता.

बन्सीधर देवगाव फाट्यापासून कोसभर आत राहायचा. आईमागं आत्या दगडाबाईनं वाढवलेला, कामाला वाघ आणि बोलायला भिडस्त. इतका, की म्हशीला हाकायचं तरी आधी खाकरून घ्यायचा. वैशाखात लग्न झालं. बायको कमल पाथरीकडची. पंचमीला माहेरी गेली ती परतलीच नाही. जाताना उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली होती, "मला बघायला आल्ता तो मानूस कुटं गेला? तो आला न्यायला, तरच येईन." आणि आता सासऱ्यांचा, सितारामबापूंचा निरोप आला होता: कोजागरीपर्यंत या, नसता फारकतीचं बोलून घेऊ.

कोजागरी उद्यावर आली. गावचे मोठे जमीनदार आबासाहेब यांच्या बैठकीत सगळे जमले.

"त्यात काय आवघड हाय?" आबासाहेबांनी पान लावत निकाल दिला. "पोरगी बघायला गेलो तवा बन्सीच्या अंगावर काय व्हतं? माझा कोट, व्यंकटरावची प्यांट आन् चंद्रभानचे बूट. तेच चढवा. तो मानूस तयार!"

बैठक थक्क झाली. एवढी साधी गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

दाराशी उभी दगडाबाई तेवढी म्हणाली, "आबासाहेब, ती मानसाचं म्हनली, कापडाचं न्हाई."

"दगडाबाई, कापडाबिगर मानूस वळकू येतो का कुटं?"

यावर बन्सीधरला काहीतरी म्हणायचं होतं. पण तो खाकरेपर्यंत बैठक उठली.

आता हे कपडे साधे नव्हते. कोट काळ्या लोकरीचा, हैदराबादेत शिवलेला. आबासाहेबांनी त्यात वीस वर्षं लोकांचे सलाम घेतलेले. पँट टेरीकॉटची, व्यंकटराव कारकुनाची. ती कुठल्याशा कचेरीत खुर्चीवर बसून बसून मागून आरशासारखी चमकायची. बूट चंद्रभानचे, त्यांनी पत्त्यांच्या डावाशिवाय दुसरी वाट पाहिलेली नव्हती. लोणच्यात मीठ मुरावं तशी कापडात मालकाची खोड मुरते. मुलगी बघायला गेले तेव्हा तिन्ही मालक बरोबर होते, म्हणून कपडे गुमान बसले. आता मात्र ते एकटे निघाले होते, आणि आत बन्सीधरसारखा गरीब गडी.

पहाटे निघताना दगडाबाईनं त्याच्या हातात एक पिशवी दिली. "आत तुझीच कापडं हायेत लेका. उकडाय लागलं की बदल. आन् तिला काय वाटंल याची फिकीर करू नको. तुला काय वाटतं ते बोल."

बाहेर धुकं असं दाट होतं, की ज्वारीची कणसंच तेवढी वर तरंगत होती. बन्सीधर चालत होता की धुकंच त्याला पुढं नेत होतं, कोण जाणे. कोटाची ऊब बरी वाटत होती. पण थोडं अंतर गेल्यावर त्याचे हात आपोआप मागं बांधले गेले. मान ताठ झाली. समोरून येणाऱ्या माणसाला "रामराम" घालावा म्हणून तो थांबला, तर कोटानं तोंड उघडूच दिलं नाही. उलट त्या माणसाचा रामराम यायची वाट बघत त्याला रस्त्याच्या मधोमध उभं केलं. माणसाच्या पाठोपाठ एक रेडा आला. कोट त्याच्याही रामरामाची वाट बघत उभा राहिला.

फाट्यावर पोचेपर्यंत सेलूची गाडी लागलेली. बायाबापड्या, गाठोडी, कोंबड्या, सगळे दारात लोटालोटी करत होते. बन्सीधर पुढं झाला, पण कोट जागचा हलेना. आबासाहेबांनी जन्मात कुणाला धक्का देऊन जागा धरलेली नव्हती. गाडी निघून गेली. धुरळा बसायच्या आतच बूट हॉटेलामागच्या कडुलिंबाकडं वळले, कारण तिथं चौघं पत्ते कुटत बसले होते.

"आरं, मला पाथरीला जायचंय," बन्सीधर बुटांना कळवळून म्हणाला.

"मग जा की. आमी धरलंय का तुला?" पत्तेवाल्यांपैकी एकजण म्हणाला आणि त्यानं सवयीनं याची पानं वाटली.

तीन डाव झाले. कसाबसा तो उठला, तर पँटीला हॉटेलातली रिकामी खुर्ची दिसली. झालं, तो बसलाच. एक म्हातारी येऊन म्हणाली, "बाबा, जिंतूरची गाडी कधी हाय?" आणि बन्सीधरच्या तोंडून शब्द निघाले, "साहेब जेवायला गेलेत. उद्या या." म्हातारीनं मान डोलावली आणि ती निमूट निघूनही गेली. पुढं एकानं चहा मागितला, त्यालाही त्यानं अर्ज करायला सांगितलं. हॉटेलवाल्याला हे इतकं पसंत पडलं, की त्यानं याच्यापुढं एक फुकट चहा ठेवला.

ऊन चढलं. लोकर तापली, टेरीकॉट मांड्यांना चिकटली, बूट आतून भट्टी झाले. खुर्चीतच बन्सीधरला गुंगी आली. रस्ता पाण्यासारखा हलायला लागला, आणि त्या पाण्यावर त्याला कमल दिसली. ती दूर, पाठमोरी चालली होती. हाक मारावी म्हणून त्यानं तोंड उघडलं, तर कोट म्हणाला, "आपण हाक मारायची नसते." पँट म्हणाली, "उद्या." बूट म्हणाले, "एक डाव होऊ दे." कमल लहान लहान होत तिळाएवढी झाली.

तो ताडकन उठला. थेट कडुलिंबाच्या बुंध्याआड गेला आणि सापानं कात टाकावी तसा त्या तिघांतून बाहेर आला. पिशवी उघडली. मांजरपाटाचा जाडाभरडा सुती सदरा, शंभरदा धुतलेला, आता मांजराच्या पोटासारखा मऊ. सैल पायजमा. डोक्याला बांधायला पंचा. तेल पाजलेल्या जुन्या वहाणा. आणि सगळ्यांत खाली घडी घातलेली पातळ धाबळी. पहाटे अंगावर, दुपारी बुडाखाली, संध्याकाळी पुन्हा अंगावर. आत्यानं आश्विनाचे तिन्ही ऋतू एका पिशवीत भरले होते.

सदऱ्यात वारं शिरलं. बगलेतून आलं, पाठीवरून फिरलं, गळ्यातून निघून गेलं. बन्सीधरला वाटलं, आपण नांगरलेलं रान आहोत आणि पहिली झुळूक अंगावरून चाललीय.

तेवढ्यात गावाकडं परतणारी दत्तरावची बैलगाडी दिसली. बन्सीधरनं कोट गाडीच्या खुंट्याला अडकवला, खाली पँट टांगली, तिच्याखाली बूट ठेवले. "मालकाला पोचव," म्हणाला. दत्तराव गाडी हाकताना नेहमी झोपायचा. म्हणून पुढं कोसभर लोकांना दिसलं ते असं, की गाडीत कोट-बूट घालून कुणीतरी ताठ उभं आहे आणि गाडीवान त्याच्या धाकानं मान खाली घालून बसलाय. वाटेतल्या सगळ्यांनी त्याला रामराम घातला. त्या कोटाला मुंडकं नव्हतं, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

इकडं बन्सीधरसाठी सेलूची पुढची गाडी हात न करताच थांबली. सेलूला त्यानं गाडी बदलली. खिडकीतून गरम वारा येत होता आणि सदरा शिडासारखा फुगत होता. डोळे मिटले की रानं पांढरी, उघडले तरी पांढरी. कापूस फुटला होता.

पाथरीच्या अलीकडं, सितारामबापूंच्या शेताशीच तो उतरला. बांधावर बापू स्वतः उभे. बन्सीधर पाया पडायला वाकणार, तोच त्यांनी दरडावलं, "आता येतूस व्हय? दिवस कलला! चल, त्या कडंच्या तासाला लाग. गडी मिळंनात, आन् मिळाले ते झोपून उठून येत्यात."

बापूंनी जावई पाहिला होता तो कोटात, नाहीतर मुंडावळ्यांत. मांजरपाटातला जावई त्यांच्या ओळखीचा नव्हता. बन्सीधर सांगायला खाकरला. मग त्याला वाटलं, राहू दे. त्यानं पंचा डोक्याला आवळला आणि कापसाच्या त्या ओळीला, तासाला लागला.

शेजारच्या तासात एक बाई वेचत होती. सुती लुगडं, त्यावर बोंडांच्या नख्या बोचू नयेत म्हणून पुरुषाचा जुना लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला फडकं, कमरेला कापसानं फुगलेली ओटी. तिचे हात असे चालत होते, की बोंडं आपणहून तिच्या बोटांत येताहेत असं वाटावं. बन्सीधर बघतच राहिला. घरी त्यानं कमलला पाहिलं होतं ते गुळगुळीत नायलॉनच्या साडीत, घामानं चिकटलेली, सारखा पदर सावरत, बसू की उभी राहू अशी. ही बाई कोण, हे कळायला त्याला अर्धा तास लागला. म्हणजे कापसाचा हो, घड्याळाचा नव्हे.

ती वर न बघता म्हणाली, "कुनीकडचे तुमी?"

"देवगाव फाट्याकडचा."

"आगं बया! तिकडं आमच्यातली एक नांदायला दिल्ती. तिचा नवरा मुका निघाला म्हनं."

"मुका न्हवता," बन्सीधर बोंड खुडत म्हणाला. "कोटाखाली दबला व्हता."

ओटीवरचा हात थांबला. "मंग निघाला का खालून?"

"आजच निघाला. पर लय तरास झाला. बूट पत्ते खेळाय बसले."

"बूट?"

"तीन डाव. आन् जिंकले वरून."

ती फस्सकन हसली. मग तो बोलत सुटला. जावयानं कसं बसावं, काय बोलावं, याचा धाकच नव्हता. तो काही जावई नव्हता, उशिरा आलेला गडी होता. रेड्याचा रामराम सांगितला, म्हातारी सांगितली, फुकटचा चहा सांगितला. दोघांचे तास एका वेगानं सरकत होते. तिनं ओटी सोडली की तो भारा बांधायचा. कापसाचे तंतू तिच्या भुवयांवर, त्याच्या मिशीवर बसले होते. ऊन उतरलं तसे ते सोन्याचे झाले.

"तिनं कामून सोडलं पर नवऱ्याला?" बन्सीधरनं शेवटी विचारलं. आवाज मात्र आता हलका राहिला नव्हता.

ती तशीच वेचत म्हणाली, "बघायला आल्ता तवा ती गोठ्यामागं शेण भरायला गेल्ती. तर ह्यो बाबा बूट काढून बसल्याला. बोटं हालवायलाय आन् वासराला सांगायलाय, 'तुझं बरं हाय गड्या, तुला कुनी बूट घालीत न्हाई.' तिला वाटलं, ह्याच्यासंग दिवस चांगला जाईल. लगीन झालं आन् मानूस गपगार. जेवाय वाढलं तर हूं, इचारलं तर हूं. तिला वाटलं, आपल्याला भलताच दिला."

बन्सीधरनं हातातलं बोंड तिच्या ओटीत टाकलं. या वेळी तो खाकरला नाही. म्हणाला, "मला वाटायचं, तुला तो कोटातला आवडला. तो बोलला असता तसं मला बोलता येईना. म्हनून गप ऱ्हायलो."

"आन् मला नायलान नेसवून ओसरीत बसवलं तुमच्या भावकीनं. मला वाटायचं, तुमाला तीच बाहुली पायजे."

दोघंही थांबले. वेचायचं राहिलं. पूर्वेला पऱ्हाटीच्या शेंड्यांमागून चंद्र वर येत होता, आणि क्षणभर तो कुणाचं तरी वेचायचं राहिलेलं बोंडच वाटला.

बांधावरून बापू ओरडले, "कमळे! हा गडी बरा दिसतोय. उद्यासुदिक बोलाव त्याला!"

"बाबा, ह्यो उद्या न्हाई यायचा."

"कामून?"

"मी घेऊन चालले त्याला. त्याच्या घरी."

बापूंनी जवळ येऊन निरखलं. मग त्यांच्या तोंडावर जे झालं ते बघून वेचणाऱ्या बाया ओट्या धरून हसल्या. "आरं देवा! जावईबापू! मी तुमाला कामाला लावलं!" बापूंनी हात जोडले. "घरी चला. सफारीचं कापड आनलंय तुमच्यासाठी. पाथरीत शिवायला टाकू. असं कसं जाऊ देऊ?"

"न्हाई बापू," बन्सीधर म्हणाला. "आत्ताच एकातून निघालोय. निदान दिवाळीपतुर तरी असाच ऱ्हाऊ द्या."

कमलनं लुगडंही बदललं नाही. बापाचा सदरा उतरवून बापाला दिला, अंगावरचा कापूस झटकला, एक गाठोडं घेतलं आणि देवगाव फाट्यावरून पुढं जाणारी मुक्कामाची गाडी दोघांनी धरली. गार सुटलं होतं. धाबळी दोघांना पुरत नव्हती, म्हणून दोघंही तिच्यातून थोडे थोडे बाहेर राहिले.

गाडी सुटताच ती म्हणाली, "पत्त्याचं पुन्ना सांगा. नीट. मगाशी बाबा होते."

त्यानं सांगायला घेतलं. पुढच्या बाकावरचा माणूस मागं वळला. मग त्याच्या पुढचा. रेड्याच्या रामरामाला कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. ड्रायव्हरनं आरसा वळवून घेतला. बाहेर दोन्ही अंगाला फुटलेला कापूस आणि वर दुधासारखं चांदणं. गाडी रस्त्यावरून चाललीय की त्या पांढऱ्यावरून, हे कुणालाच सांगता आलं नसतं. देवगाव फाटा आला. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता, पण गोष्टीत नेमकी तेव्हाच पँट खुर्चीवर बसत होती, आणि दोरी ओढायची राहून गेली.

फाटा मागं पडला. दोघांना इथंच उतरायचं होतं, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

"आन् मंग?" कमल म्हणाली.