गिलासात फाटलं नाही

"औषधातलं मला शिकवू नका," कल्याणराव म्हणाले. "तीस वर्सं झाली, देवगाव फाट्यावर फवारणीच्या औषधाचं दुकान चालवायलोय."

त्यांच्या बायकोला, शांतम्माला, पायातल्या मुंग्यांसाठी सेलूच्या डॉक्टरनं एक गोळी दिलेली, अन् सारखं लघवीला लागतं म्हणून परभणीच्या डॉक्टरनं दुसरी. लेक शिवरंजनी फोनवर म्हणाली, "बाबा, दोन्ही संगं चालतात का, ते विचारा तरी."

कल्याणरावनं विचारलं न्हाई, तपासलं. पंपात दोन औषधं मिसळायच्या आधी ते गिऱ्हाइकाला बरणीत कालवून दाखवायचे, तसंच. दोन्ही गोळ्या कुटल्या, गिलासभर पाण्यात ढवळल्या अन् अर्धा घंटा बघत बसले. गाळ न्हाई, फेस न्हाई, दुधावानी फाटलं न्हाई.

"बिनधास्त घे."

चौथ्या दिवशी भर दुपारी शांतम्मानं एक ताट जास्तीचं वाढलं.

"कोण यायलंय?"

"यायलंय काय? आत्याबाई कव्हाच्या ओट्यावर येऊन बसल्यात, बाजंवर."

आत्याबाई म्हंजी कल्याणरावची आई. अकरा वर्सांमागं ती वारली तव्हा त्यांनीच तिला मांडी घालून समाधीत बसवलं होतं. शांतम्मा म्हणाली, तशीच मांडी हाय, कपाळाला भस्माची इबित हाय, अन् केसात माती.

"काय म्हणायलीय?" कल्याणरावनं ओट्यावर येऊन विचारलं.

"ठेचा मागायल्यात. परत." शांतम्माचे डोळे भरले. सासूनं तिच्या हातचं जन्मात कधी दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं.

कल्याणराव मटकन बाजंवर बसले.

"अवो, उठा! त्येंच्या मांडीवर बसलात!"

ते उडाले ते थेट ओट्याखाली. मनगट मोडलं.

सेलूत प्लास्टर घालून निघताना ते शांतम्माला घेऊन तिच्या डॉक्टरकडं गेले. ती तिथंबी रिकाम्या खुर्चीला "पाणी देऊ का?" विचारत होती. डॉक्टरनं दोन्ही पाकिटं बघितली.

"ह्या दोन्ही मिळून म्हाताऱ्या माणसाचं डोकं फिरवतात, भास होतात, लघवीबी अडते. माझी गोळी आजपासून बंद. संगं द्यायच्या आधी कुणाला विचारलं?"

"तपासलं होतं," कल्याणराव म्हणाले. "फाटलं न्हाई."

आठवड्यात बाज रिकामी झाली. शांतम्मा लेकीला फोनवर "लय बरं हाय" म्हणायची, अन् दुपारी जास्तीचं ताट वाढायची. भाकरी वाळून जायची.

सोमवारी तिनं लपवून ठेवलेल्या, डॉक्टरनं बंद केलेल्या गोळ्या काढल्या. लघवीच्या गोळीसंगं एक न्हाई, दोन घेतल्या, अन् ताट वाढून बसली.

आत्याबाई आल्या न्हाईत. दिवस मावळायच्या आत लघवी तुंबली, पोट फुगलं, अन् तिला परभणीला नेऊन नळी घालावी लागली.