ऐंशी नंबरचा कागद

माझा काळा पट्टा एकतीस वर्षं काळाच राहिला आणि मग एका आठवड्यात पांढरा पडला. कराटे शिकणाऱ्या माणसाला एवढं सांगितलं तरी तो हसेल. बाकीच्यांसाठी थोडं सविस्तर सांगावं लागेल.

ब्लॅक बेल्ट आतून पांढरा असतो. जाड पांढऱ्या सुताच्या पट्टीवर काळं कापड चढवून शिवलेलं असतं. हा पट्टा कधी धुवायचा नाही, अशी आमच्यात रीत आहे. रोज गाठ मारून, रोज घासून वरचं काळं विरत जातं आणि वीस-पंचवीस वर्षांनी आतला पांढरा डोकावू लागतो. नवं आलेलं पोर पांढरा पट्टा बांधतं आणि आयुष्यभर शिकलेला माणूसही शेवटी पांढऱ्यावरच येतो. मुलांना हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली जातो. मुलं डोळे मोठे करून ऐकतात. मग त्यांची नजर माझ्या कंबरेकडे वळते, आणि तिथे पट्टा नव्या बुटासारखा काळाकुळकुळीत.

"सर, मग तुमचा अजून का नाही झाला?" असं तोंडावर विचारणारी मात्र एकच होती. आठ वर्षांची, पिवळ्या पट्ट्याची, दोन वेण्या घालणारी. तिला सगळे वकीलबाई म्हणत.

"माझं कापड चांगलं आहे," मी सांगायचो. मी सुतार. गिऱ्हाइकाला मालाचं कौतुक ऐकवायची जुनी सवय.

ही सबब बरीच वर्षं चालली. मग गुरुजींचा निरोप आला.

ज्यांनी मला कराटे शिकवलं ते गुरुजी आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. मुलीबरोबर गाडीने कुठेतरी जाणार होते; वाटेत रविवारी सकाळी तासभर तुझ्या वर्गावर थांबतो, तुझी मुलं बघतो, म्हणाले. बघणार म्हणजे हातांनी. समोर येईल त्या विद्यार्थ्याच्या पट्ट्याची गाठ ते स्वतः नीट करतात, ही त्यांची पहिल्यापासूनची पद्धत. गाठ नीट करता करता अंगठ्याने पट्टा चाचपतात, आणि मग "बरं" म्हणतात किंवा म्हणत नाहीत. त्यांचा स्वतःचा पट्टा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हाच त्यावर काळ्याचे जेमतेम चार धागे उरले होते. माझ्यामागून बारा वर्षांनी शिकायला आलेला एक दंतवैद्य आहे, त्याचाही पट्टा आता गाठीपाशी पांढरा झालाय. गुरुजी त्याला "बरं" म्हणाले. हे त्यानेच मला फोन करून सांगितलं. दोनदा.

बुधवारी दुपारी वर्कशॉपमध्ये मी एकटाच होतो. पट्टा टेबलाला क्लॅम्पने आवळला, लाकडी ठोकळ्याला ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळला आणि घासायला लागलो. कराटेत पहिला वार आपला नसतो, असं मी मुलांना शिकवतो. इथे समोर नुसता एक पट्टा होता. पहिला, दुसरा, शंभरावा, सगळे वार माझेच. काम मात्र सुबक झालं. खोटेपणा करायचा तरी हात आखडता का घ्यावा.

माझी बायको शिवणकाम करते. संध्याकाळी तिने पट्टा बोटांत धरला, उलटा केला, सुलटा केला.

"हे काय केलंत?"

"झिजला."

"टोकाला?"

"हो."

"अहो, टोक हवेत लोंबतं. ते कशावर घासणार? आणि गाठ पडते तिथे कापड अगदी कोरं आहे." तिने चष्मा वर केला. "धागाही सगळा एकाच दिशेला तुटलाय. टेबल घासल्यासारखा घासलात."

"मग झिजायला कुठे हवा होता?"

"वळतो तिथे. कापड घडीवर झिजतं. पण त्यासाठी आतलं अंग हलावं लागतं. तुम्ही पट्टा बांधून स्टुलावर बसता."

या स्टुलाबद्दलही सांगायला हवं. पंधरा वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा दुखायला लागला म्हणून वर्गात बसायला मी एक स्टूल केलं. बसल्या बसल्या आकडे मोजायचे, मुलांनी ठोसे मारायचे, काता करायचे, म्हणजे ठरलेल्या हालचाली ओळीने करून दाखवायच्या. गुडघा दोन महिन्यांत बरा झाला. स्टूल पंधरा वर्षं टिकलं. माझं काम टिकाऊ असतं.

"मी शिकवतो," मी म्हणालो. "पोरं हलतात ती माझ्यामुळेच ना?"

"मग त्यांचे पट्टे झिजतील," ती म्हणाली. मग जरा मऊ होऊन, "गाठीपाशी मी विरवून देऊ का? असा देईन की कुणाच्या बापाला कळणार नाही."

मोह झाला, पण नको म्हणालो. तत्त्वासाठी नव्हे. आपलं काम दुसऱ्याने केलेलं मला खपत नाही. गुरुवारी गाठीपाशी मीच घासला.

वकीलबाईचं घर वर्कशॉपच्या अगदी समोर, पहिल्या मजल्यावर आहे. खिडकी रस्त्याकडे. हे मला आधी सुचायला हवं होतं.

शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये मुलं रांगेत उभी राहिली आणि तिने हात वर केला.

"सर, झाला की पांढरा."

"हो."

"कशाने?"

"सरावाने."

"टेबलावर कागदाने करत होतात तो?"

वीस मुलांच्या माना माझ्याकडे वळल्या. उलटतपासणीचा सूर नव्हता तिचा. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तोही एक प्रकार असतो सरावाचा," मी म्हणालो, आणि घाईघाईने मोजायला लागलो.

आपण शिकवतो त्यातलं निम्मं मुलं विसरतात. कुठलं निम्मं, हे तीच ठरवतात.

रविवारी सकाळी हॉलच्या दारातच एका आईने मला गाठलं. तिच्या हातात एक केशरी पट्टा होता, मधोमध सोललेला.

"दोन महिनेसुद्धा झाले नाहीत घेऊन. शाळेच्या मागच्या भिंतीवर घासत बसला होता. म्हणतो, सरांचा गृहपाठ आहे."

"एकटाच होता?"

"सात जण होते. रांग लावून."

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं. गुरुजी मुलीचा हात धरून आत आले. बूट काढले, हॉलला वाकून नमस्कार केला, आणि रांगेच्या एका टोकापासून सुरुवात केली. पहिली गाठ नीट केली. "बरं." दुसरी. "बरं." तिसरीवर त्यांचा अंगठा थांबला. ते काहीच बोलले नाहीत. चौथीवरही थांबला. पाचवी वकीलबाई.

"किती दिवस शिकतेस?"

"एक वर्ष. आणि दोन महिने."

"बेल्ट तर म्हाताऱ्या माणसाचा वाटतोय."

"भिंतीवर घासला, आजोबा. आम्हाला कागद नाही मिळाला. सरांकडे आहे, ऐंशी नंबरचा. ते टेबलावर घासतात." मग, त्यांना दिसत नाही हे लक्षात घेऊन, तिने समजावून सांगितलं, "तोही एक प्रकार असतो सरावाचा."

मुलांचा काहीतरी गैरसमज झालाय गुरुजी, हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. समोरचा म्हातारा बघू शकत नव्हता आणि आठ वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतो. त्या एका वाक्यात ती खोटी ठरली असती आणि मी सुटलो असतो. ती माझ्याकडे मान वर करून बघत होती. सर आता पुढे होऊन हो म्हणणार, याची तिला खात्रीच होती.

"तो सराव नसतो," मी म्हणालो. आवाज या वेळीही खाली गेला, पण आपोआप नाही. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. गुरुजी येणार होते, म्हणून पट्टा जुना दिसावा असं वाटलं. घासून जुना केला. तुमची काही चूक नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "म्हणजे गृहपाठ नव्हता?"

"मग माझ्या बेल्टचं काय?" वकीलबाई म्हणाली.

"माझी बायको शिवून देईल. सगळ्यांचे."

तिने थोडा विचार केला. "चालेल," म्हणाली.

गुरुजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझी गाठ सोडली, पट्ट्यावरून अंगठा फिरवला, टोकापर्यंत नेला, परत आणला. मग गाठ बांधता बांधता माझ्या कानाशी आले.

"ऐंशी?"

"ऐंशी."

"फार खरखरीत पडतो. मी एकशेवीस वापरला होता."

मी नीट ऐकलं की नाही, मला कळेना.

"चार धागे मुद्दाम ठेवले होते," ते म्हणाले. "माझे गुरुजी यायचे होते."

"त्यांनी ओळखलं?"

"तेच तर मला कधी कळलं नाही. बरं म्हणाले आणि गेले. पुन्हा आले आणि काता करून दाखव म्हणाले, तर? पट्टा वीस वर्षांचा आणि अंग दोन वर्षांचं. म्हणून रोज पहाटे उठून सगळे काता करायला लागलो. पुढे ते वारले, पण तोवर सवय लागली होती." त्यांनी गाठ घट्ट ओढली. "चाळीस वर्षं झाली या गोष्टीला."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू पट्ट्याकडे बघत बसलास. मला कधी विचारलं नाहीस."

"बरं" काही ते म्हणाले नाहीत. बसायला काही आहे का, असं विचारलं. मी स्टूल आणून दिलं. ते बसले, कडेवरून हात फिरवला, चारही पाय हलवून बघितले.

"भक्कम आहे," म्हणाले. त्या दिवशी मला मिळालेला चांगला शेरा तेवढाच. "मी मोजतो. तू रांगेत जा."

रांगेत मोकळी जागा एकच होती, वकीलबाईच्या शेजारी. मी तिथे जाऊन उभा राहिलो, पाय फाकवले, गुडघे वाकवले. पंधरा वर्षं ज्याच्या नावाने बसून काढली त्या गुडघ्याची काही तक्रार नव्हती. मांड्या, कंबर आणि पाठ यांची होती.

"एक," गुरुजी म्हणाले.

वीस ठोसे एकदम गेले आणि त्यामागून माझा.

"दोन."

"सर," समोरची नजर न हलवता वकीलबाई पुटपुटली, "अजून खाली."

मी अजून खाली गेलो. गाठीपाशी पट्टा पोटाला काचला. तिथे वळत होता तर.

तासाभराने निघताना गुरुजींनी स्टूल मागून घेतलं आणि गाडीत ठेवायला लावलं. मी दुसरं करू शकलो असतो; लाकूड आहे, हत्यारं आहेत. पण वर्कशॉपच्या समोर ती खिडकी आहे.