थंड, तरी तेजस्वी

वेधशाळेत मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या खोलीच्या मुख्य बाईंना सगळे तोंडावर 'ताई' म्हणत, मागून 'छडी'. दिवसभर खिडकीच्या उजेडात, दुर्बिणीतून काचेवर टिपलेले तारे आम्ही भिंगाखाली वाचायचो. प्रत्येक तारा म्हणजे एक बारीकसा वर्णपट. त्यातल्या रेघांवरून तापमान कळे: निळसर तारे सगळ्यांत तापलेले, पिवळे मधले, तांबडे त्या मानाने थंड. आणि काचेवर ठसा जितका काळा, तितका तारा तेजस्वी. मी सांगायचे, ताई लिहून घ्यायच्या.

एका सकाळी मी म्हणाले, "हा तांबडा. थंड. आणि या तारकागुच्छातला सगळ्यांत तेजस्वी."

ताईंचा हात थांबला. "थंड आणि तेजस्वी? अगं, शेजारच्या ताऱ्याच्या रेघा वाचल्यास तू."

"नाही वाचल्या."

"नवीन आहेस, म्हणून सांगते..."

"नवीन आहे, आंधळी नाही!"

चहाच्या वेळी ताई माझ्याकडे पाठ करून बसल्या. म्हटलं, गेली नोकरी. पण दुपारी त्या उठल्या, त्याच गुच्छाची दुसरी काच काढली आणि कितीतरी वेळ भिंगाला डोळा लावून बसल्या.

"गुच्छातले सगळे आपल्यापासून सारखेच लांब," त्या पुटपुटल्या. "म्हणजे जवळ असल्यामुळे ठळक दिसतोय, असं नाही. थंड असून एवढा उजेड... अगं, हा अवाढव्य असणार!" आणि खो खो हसत सुटल्या. "आमचे थोरले काकाच! डोकं कधी तापायचं नाही, पण दारातून आत आले की खोली भरली."

त्याच आठवड्यात त्यांनी मला घरी नेलं. "हीच ती, भांडून खरी ठरलेली," त्यांनी धाकट्या भावाला सांगितलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा.

"मग हिला सोडू नकोस," तो म्हणाला. "तुझ्याशी भांडायला मी एकटा पुरत नाही."

वर्षभरात ताई माझ्या वन्सं झाल्या. पुढे ताऱ्यांचं वाचन यंत्रांकडे गेलं, आम्ही निवृत्त झालो, वन्संचे डोळे अधू झाले. दिवेलागणीला मी त्यांना गच्चीवर न्यायचे आणि दिसेल त्या ताऱ्याची जागा आणि रंग सांगायचे. त्या नुसती मान हलवायच्या. ते गप्प ऐकून घेणं मला सोसेना.

एकदा मी डोक्यावरच्या निळ्या ताऱ्याला मुद्दाम तांबडा म्हटलं.

"तांबडा?" वन्सं ताठ बसल्या. "या दिवसांत तिथे तांबडा कुठून आला? नीट बघ की गं!"

मग काय, जेवणं निवेपर्यंत भांडलो.