मोतीलालनं सांगितलेले फ्रान्सचे रस्ते

मयताचा सांगावा नेणाऱ्यानं त्या घरचं पाणी प्यायचं नसतं. अंगणाबाहेर उभं राहायचं, काय ते एका दमात सांगायचं आणि पाठ फिरवायची. खानदेशात हे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. मोतीलाललाही ठाऊक होतं. तरी तो तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

सन एकोणीसशे सतराचा चैत्र होता. मोतीलाल चाळीसगावच्या टपालातला माणूस. लढाई लागली तेव्हा फौजेबरोबर टपालाचीही माणसं फ्रान्सला धाडली गेली, त्यात हा गेला आणि अडीच वर्षांनी हातीपायी धड परत आला. त्याच्याबरोबर बोटीवर चढलेला उखर्डू मात्र आला नाही. उखर्डू गिरणाकाठच्या सावखेड्याचा, टपालाचे थैले वाहायला भरती झालेला. मार्सेल्सला उतरल्या उतरल्या थंडीनं त्याची छाती धरली आणि पंधराव्या दिवशी इस्पितळात त्यानं डोळे मिटले. त्याआधी मोतीलालचा हात घट्ट धरून तो एवढंच बोलला, "मना घर तू सोता जाय. कागद नको धाडू. तठे वाचाले कोन्ही नही."

सरकारी कागद निघाला होता म्हणा, पण तो पोचला भलतीकडे. आमच्या भागात पोरं जगेनाशी झाली की पुढच्याला उकिरड्यावर लोळवून उखर्डू म्हणतात, म्हणजे यमाची नजर पडत नाही. त्यामुळे गावोगाव उखर्डूंना तोटा नाही. तो कागद असाच एका धडधाकट उखर्डूच्या घरी गेला. त्या घरच्यांनी तो चुलीत घातला आणि धाडणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली.

तेव्हा सांगणं मोतीलालच्याच गळ्यात होतं. येताना मुंबईहून त्यानं एक जुनी सायकल आणली होती, तिच्यावर बसून तो निघाला. चाळीसगावाहून सावखेडं सात कोस. काळ्या मातीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या हातभर खोल, त्यांच्या मधल्या उंचवट्यावरून सायकल काढायची म्हणजे दोरावरची कसरतच. ऊन मी म्हणत होतं. तेवढ्यातही तो वाटभर घोकत होता, "उखर्डू गया. दुखनं झायं, आम्ही सेवा करी, अग्नी दिन्हा."

दारात उखर्डूची बायको उभी होती, मंजुळाबाई. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. लग्नानंतर नवरा दोन महिने घरी राहिला आणि लढाईवर गेला. त्याचं एकच पत्र आलं होतं, तेही बोटीवरून, मोतीलालच्या हातचं. त्यात लिहिलं होतं, की तिकडे आम्हाला सायकल शिकवणार आहेत. ते पत्र तिनं गुरुजींकडून इतक्यांदा वाचून घेतलं होतं, की तिला ते तोंडपाठ झालं होतं. आता प्रत्यक्ष सायकल दारात पाहिली आणि तिनं ओळखलं, हा माणूस त्यांच्याकडूनच आला. घामानं निथळणाऱ्या माणसाला आधी पाणी द्यावं, म्हणून ती धावत तांब्या घेऊन आली. मोतीलालच्या घशाला कोरड पडली होती. त्यानं तांब्या तोंडाला लावला, आणि शेवटचा घोट गिळताना त्याला रीत आठवली.

"कशा शेतस त्या?" पदर सावरत तिनं नवऱ्याचं विचारलं.

आता या घरचं पाणी पोटात, आणि त्याच तोंडानं कपाळ कसं पुसायचं? आज नको, पुढच्या खेपेला पाणी न पिता सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

"बरा शे," तो म्हणाला.

उखर्डूची आई भागाबाई चाचपडत बाहेर आली. तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा उतरला होता. तिनं सायकलचा दांडा, बसायची गादी, घंटी, सगळ्यावरून हात फिरवला. "मना उखा बी आशीच चालाडस का रे?"

"मनापेक्षा भारी, माय."

खोटं कधी एकटं राहत नाही, त्याला लेकीसुनांसकट संसार लागतो. पुढच्या खेपेला मोतीलाल गेला तेव्हा भाकरी तयार होती. त्यापुढच्या खेपेला शेजारणीही येऊन बसल्या होत्या. सगळ्यांना एकच ऐकायचं होतं, उखर्डू तिकडे सायकलवर कुठे कुठे जातो.

तेव्हा मोतीलाल सांगू लागला. सोम नावाची नदी आहे. आपल्या गिरणेसारखी उन्हाळ्यात वाळू उघडी टाकून बसत नाही, बारा महिने काठोकाठ, आणि आवाज म्हणून नाही. तिच्या काठाकाठानं रस्ता जातो, दोन्ही बाजूंना उंच सरळ झाडं, एका मापाची. थैला पाठीला बांधून उखर्डू पहाटेच निघतो, तेव्हा नदीवरून धुकं रस्त्यावर येतं आणि पुढचं चाकसुद्धा दिसत नाही. मग क्रेसीचं जंगल लागतं. साडेपाचशे वर्षांमागं दोन राजे तिथं लढले म्हणे. आता तिथं इतकं शांत असतं, की सायकलच्या साखळीचा आवाज आपलाच आपल्याला ऐकू येतो. चढाला उतरून ढकलावं लागतं, पण उतार लागला की पाय उचलून घ्यायचे आणि वारा खायचा. जंगल संपलं की जुन्या गढीचा पडका बुरूज, आणि त्याच्या पायथ्याशी एका म्हातारीची सफरचंदाची बाग. तिचाही पोरगा लढाईवर. उखर्डू रोज तिथं थांबतो, तिला विहिरीचं पाणी ओढून देतो, ती याच्या खिशात दोन सफरचंदं कोंबते. एकमेकांची बोली कळत नाही, पण ती रोज खुणेनं विचारते, तुझ्या घरी कोण कोण आहे?

"मंग त्या काय सांगतस?" मंजुळाबाईनं विचारलं.

"दोन बोटं दखाडस," मोतीलाल म्हणाला. "एक माय, एक तू."

त्या दिवशी मंजुळाबाई आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

यातला रस्ता खरा, जंगल खरं, म्हातारीही खरी. फक्त त्या रस्त्यानं उखर्डू कधी गेला नव्हता. तो मार्सेल्सच्या पुढे गेलाच नाही, सायकलला त्याचा पाय लागला नाही. सोमेच्या काठानं मोतीलाल फिरला होता, आणि दोन बोटं दाखवणारा तर कुणीच नव्हता, कारण मोतीलालला दाखवायला घरी कुणी नव्हतं. लबाडीचीही गोडी लागते माणसाला. महिन्याच्या महिन्याला तो सात कोस तुडवत जाई, आणि परत येताना गावाबाहेरच्या बाभळीखाली उतरून ओक्साबोक्शी रडे. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

अठरा साली तापाची साथ आली, तीत भागाबाई गेली. मोतीलाल उशाशी होता. "उखाले सांगजो," ती म्हणाली, "माय वाट देखी देखी थकनी." लेकाच्या जागी मोतीलालनं खांदा दिला. त्या वेळी सांगून टाकता आलं असतं. पण एक मयत उचललेल्या घरात दुसरं कसं घालायचं, असं निमित्त त्याला सापडलं. निमित्तं सापडायला त्याला कधी वेळ लागत नसे.

लढाई संपली. फौजा परत आल्या. मोतीलाल सांगे, मागची आवराआवर चालली आहे, त्यासाठी काही माणसं ठेवून घेतली आहेत.

मग एक दिवस मंजुळाबाईचे वडील झुलालनाना टपालात त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांच्या जातीत विधवेला दुसरं घर मिळतं, म्होतूर लावतात. बोदवडचा तोताराम नावाचा बिजवर होता. पदरी एक लहान मुलगी, कपाशीचं रान, स्वभावानं गरीब. म्हातारा म्हणाला, "पोरनी जिंदगी जाई राह्यनी, भाऊ. ती म्हनस, त्या येतीन. तू एक शबुद खरा सांग. जित्ता शे का नही?"

आता एक 'नाही' म्हटलं असतं की तिचा जन्म मार्गी लागत होता. पण तीन वर्षं त्या घरची भाकरी खाल्ली, त्याचं काय सांगायचं? मोतीलालची जीभ तिच्या सवयीनं वळली.

"जित्ता शे, नाना."

म्हाताऱ्यानं त्याचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. "जावई जित्ता शे, मंग माले काहीच नको," म्हणाला आणि डोळे पुसत गेला. मोतीलालला वाटलं, यापेक्षा त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. महिन्याभरात कळलं, तोतारामनं यावलकडची बायको केली. त्या दिवसापासून मोतीलालला अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी सकाळीच त्यानं सायकल काढली.

सावखेड्यात तो कुंपणाच्या बाहेरच थांबला. मंजुळाबाई तांदूळ निवडत होती. "आत या ना, भाऊ," ती म्हणाली. तो जागचा हलला नाही. तिनं पुन्हा बोलावलं. मग तिचा हात सुपातच राहिला. आमच्याकडे यापुढे काही सांगावं लागत नाही.

"कव्हय?" तिनं विचारलं.

"बोट लागनी, पंधरा दिवसमा. पाच वरीस व्हई गयात."

तिनं सूप खाली ठेवलं. "मंग तो जंगलमाईन जानारा? म्हातारीले पानी वढी देनारा?"

"तो मी व्हतू."

"दोन बोटं दखाडनारा?"

मोतीलालनं मान खाली घातली. "तसा कोन्हीच नव्हता."

ती चिडेल, दगड उचलेल, शिव्या घालेल, अशी त्याची तयारी होती. ती हळूच म्हणाली, "ज्यानासंगे मनं लगीन झायं, त्यानं तोंड बी धड याद नही माले. मी वाट देखी ती त्या सायकलवालानी. तो तर आते मरना, भाऊ. आते, तुमना तोंडथीन."

आणि तिनं उंबऱ्यावर दोन्ही हात आपटले. बांगड्यांचा आवाज ऐकून शेजारणी धावल्या, गळ्यात पडल्या. आमच्याकडच्या बाया मुक्यानं रडत नाहीत. गेलेल्या माणसानं काय काय केलं, ते एकेक घेऊन रडतात. मंजुळाबाई रडू लागली. धुक्यातून निघायचा रे मना राजा, पुढचं चाक दिसत नव्हतं रे. उताराला पाय उचलून घ्यायचा रे. परक्या म्हातारीला पाणी ओढून द्यायचा रे. तिच्यामागून बाया तेच घेऊन ऊर बडवत होत्या.

ज्याच्यासाठी सगळं सावखेडं रडत होतं, तो कुंपणाबाहेर सायकल धरून उभा होता. त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.